माकड मेलं, आता फोन कोणाला करायचा?

काजूच्या हंगामात माझ्या मेडिकलच्या काउंटरवरून तीन गोष्टी सगळ्यात जास्त जातात. तापाच्या गोळ्या, कंबरदुखीचा बाम आणि काजूच्या चिकाने हात भाजलेल्यांसाठी मलम. दुकान सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात आहे, त्यामुळे फेब्रुवारी ते मे गिऱ्हाईक काय मागणार हे मला आधीच माहीत असतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका हंगामात डोंगराकडच्या वाडीतली एक काकी आली आणि तापाच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या मागितल्या. एकाच घरात तीन कशाला, विचारलं.

"तिघांकय ताप इलो हा. चार दीस झाले."

आणि पैसे मोजता मोजता सहज म्हणाली, "बागेत दोन माकडां मरान पडली हत. वास मारता."

"कोणाक सांगलंस?"

"कोणाक सांगतलंय? माकडाचो मृत्यूदाखलो काढूक जावचा काय?"

दुकानातली माणसं हसली. मी हसलो नाही. 2016 साली दोडामार्ग तालुक्यातल्या केरमधून माकडताप आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आला आणि पुढच्याच हंगामात बांद्याच्या बाजूला पोचला, ते दिवस मी याच काउंटरमागून बघितलेत. गोळी घेऊन गेलेला माणूस चार दिवसांनी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात न्यावा लागला, असं ऐकायला यायचं तेव्हा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा विषाणू 1957 साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला. माकडं पटापट मरत होती आणि पाठोपाठ माणसं तापाने पडत होती. माकडताप हे नाव मात्र माकडांवर अन्याय करणारं आहे. रोग पसरवते गोचीड, माकड आपल्यासारखंच बळी. (नारळ-केळींवरून आधीच ती आमच्या शिव्या खातात, त्यात हे.) माकड मेलं, अंग गार पडलं की गोचिडी त्याला सोडून खालच्या पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पानांच्या थरात उतरतात. त्याच पातेऱ्यात बसून आमच्या बायका काजूची बी वेचतात, तोच पातेरा तरवा (भाताची रोपं करायची जमीन) भाजायला गोळा करतात. माणसाला चावते ती बहुतेक वेळा गोचिडीची तिळाएवढी पिल्लं, दिसतसुद्धा नाहीत. भात कापून झाल्यावर मोकळी सोडलेली गुरं मोठ्या गोचिडी पोसतात आणि गावात-जंगलात फिरवतात. शंभर आजाऱ्यांमागे तीन ते पाच दगावतात. यावर नेमकं औषध नाही, आणि कर्नाटकात अनेक वर्षं जिच्यावर भिस्त होती ती जुनी लस कमी पडते म्हणून बंद झाली.

म्हणजे हातात उरतं काय? तर मेलेलं माकड. निसर्ग आधी सूचना देतो, ती सूचना योग्य माणसापर्यंत वेळेत पोचली तर त्या जागेवर कीटकनाशक पावडर मारता येते, लोकांना तिकडे जाण्यापासून थांबवता येतं, अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावायला सांगता येतं.

मी फोन उचलला. जंगल बघणाऱ्यांकडे लावला. साहेब मीटिंगला, फोटो पाठवून ठेवा. गुरं बघणाऱ्यांकडे लावला. आमच्याकडे पाळीव जनावरं येतात, माकड कसं येणार? माणसं बघणाऱ्यांकडे लावला. माकडाचं आम्ही काय करू, तुम्ही आजारी माणसांची नावं द्या. राग आला, पण खरं सांगायचं तर तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. प्रत्येकाने आपल्या फायलीपुरतं उत्तर दिलं. माकड पडलं होतं ते तीन फायलींच्या मधे.

शेवटी काम झालं ते एका वनरक्षकामुळे, आणि तेही त्याची सासुरवाडी त्या वाडीत म्हणून. तो ड्युटी संपल्यावर स्वतःच्या मोटारसायकलवर गेला, त्याने आशाताईला सोबत घेतलं, तिने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी यंत्रणा बागेत हजर. तिघांच्या रक्ताचे नमुने घेतले. रिपोर्ट आले, तिघंही निगेटिव्ह.

मग बाजारात मला ऐकवलं गेलं, "बघलंस, उगाच सगळ्यांका पळवलंस." काकीही रागावली होती, कारण दोन दिवस बी वेचणं बंद पडलं. हे साधं नाही. आमच्याकडे वर्षभराचा रोकडा याच तीन महिन्यांत हातात येतो. गणपती, पोरांच्या फिया, घराची कौलं, सगळं बीवर. अशा दिवसांत माणूस ताप लपवतो आणि गोळी खाऊन बागेत जातो.

तरी मला वाटतं, त्या दोन दिवसांत जे झालं तेच खरं काम होतं. चार खात्यांची माणसं एका काजूच्या झाडाखाली उभी होती. एरवी ती दिसतात समन्वय बैठकीच्या फोटोत, पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेमागे. बैठकीचं इतिवृत्त होतं, त्यात 'सर्व विभागांनी समन्वयाने काम करावे' असं वाक्य असतं, आणि समन्वय म्हणजे पेट्रोल कोणाच्या पैशाने टाकायचं हे त्यात कुठेच नसतं.

विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलेलं काम मला इथे आठवतं. रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून निरीक्षणं केली, आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन विंचवाच्या विषावर जीव वाचवतं हे कोकणातून जगाला दाखवलं. पण तिथे निदान औषध सापडण्यासारखं होतं. इथे डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याच्यापर्यंत गोष्ट पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. या रोगात पहिला डॉक्टर म्हणजे गुराखी किंवा बी वेचणारी बाई. आणि ज्या पुण्याच्या संस्थेने हा विषाणू ओळखला, ती आजची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), तीसुद्धा 1952 साली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून उभी केलेली. भागीदारी आपल्याला नवीन नाही. नमुना साडेतीनशे किलोमीटर घाट चढून पुण्याला जाऊ शकतो, पण माकडाची बातमी वाडीतून बाजारापर्यंतचे सहा किलोमीटर उतरत नाही.

मला विचाराल तर या साखळीत सगळ्यात आधी घ्यायला हवा तो काजू व्यापारी. हसू नका. हंगामात प्रत्येक घराची बी त्याच्या काट्यावर येते. कोणाच्या घरातून चार दिवस बी आली नाही हे त्याला आशाताईच्याही आधी कळतं. कुठल्या बागेत कोण राबतो, रबर-अननसाच्या बागांत बाहेरून कोण मजूर आलेत, सगळं त्याला तोंडपाठ. त्याच्या खरेदीच्या जागेवर डीएमपी तेलाच्या बाटल्या ठेवल्या, पोतं मोजताना एक बाटली हातात दिली, तर घरोघर फिरून वाटण्यापेक्षा नक्की जास्त पोचतील. त्याचाही फायदा आहेच, माणसं आजारी पडली तर बी वेचणार कोण? पण त्याला आजवर एकाही बैठकीला बोलावलेलं मी ऐकलं नाही.

दुसरे दशावतारी, जत्रांत रात्रभर नाटक करणारे. माकडतापाचा हंगाम आणि जत्रांचा हंगाम एकच. त्यांच्या नाटकातल्या संकासुराने दोन वाक्यं गोचिडीवर टाकली तर पहाटेपर्यंत जागणारं अख्खं गाव ऐकेल. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'कीटकजन्य आजार प्रतिबंध' असं लिहिलेलं पोस्टर आहे, त्याखाली आमची गुरं सावलीला बसतात.

पैशाचं म्हणाल तर गावपातळीवर आरोग्य-पोषण-स्वच्छता समिती आहेच, तिला अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचा निधीही मिळतो. सुरुवातीला गावामागे वर्षाला 10,000 रुपये होता. त्यातून एका माणसाचं हंगामभराचं पेट्रोल आरामात निघेल.

आणि गोवा. दोडामार्गाला एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. गोचिडीला चेकनाका लागत नाही, रोग गोव्याच्या सत्तरी तालुक्यातही निघाला. आमचा पेशंट बांबोळीला जातो ही तर दोन राज्यांतली सगळ्यात जुनी भागीदारी, लोकांनी स्वतःच्या पायांनी केलेली. मधे तिथे बाहेरच्यांना शुल्क लागलं तेव्हा किती ओरड झाली आठवतं ना? पण शुल्काएवढीच ओरड मला आणखी एका गोष्टीसाठी हवी आहे. तिथे दाखल झालेल्या आमच्या माणसाला काय निघालं हे इथल्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळलं पाहिजे. आत्ता बऱ्याचदा ते शेजाऱ्याकडून कळतं, आणि मग माझ्या काउंटरवर.

लेप्टोचं, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाचं, त्या मानाने बरं चाललंय. लावणीच्या दिवसांत आशाताई तो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या घेऊन बांधावर येतात, लोकही घेतात. उंदीर कोणाचा यावर निदान भांडण नाही.

त्या काकीच्या प्रकरणानंतर मी काउंटरवर एक पुठ्ठा टांगलाय. 'माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, इथे सांगा.' खाली दोन नंबर, एक त्या वनरक्षकाचा, एक आशाताईचा. आतापर्यंत सात-आठ जणांनी येऊन सांगितलं असेल. एकदा तर माकड झोपलेलं निघालं.

गेल्या महिन्यात वनरक्षकाची बदली झाली. नंबर अजून तोच आहे, पण आता तो घाटावर लागतो. नवीन माणसाचा नंबर कोणाकडे असेल तर इनबॉक्समधे नको, इथेच खाली लिहा. डिसेंबरच्या आत पुठ्ठा बदलायचा आहे.