हात दाखवून अवलक्षण

मी सेंद्रिय भूरसायनशास्त्रात काम करतो, म्हणजे काचेची भांडी भाजतो. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाळ साठला, त्याचा खडक झाला, त्यात शैवालांच्या आणि जीवाणूंच्या चरबीचे अवशेष अडकले. त्यावरून तेव्हा पाण्यात प्राणवायू होता का, कोण जगत होतं, हे आम्ही सांगतो. आमच्या शास्त्राचं हे वर्णन खरंच आहे. फक्त ते काम महिन्यातल्या एखाद्या दुपारी होतं. बाकीचा महिना भट्टीपाशी जातो.

सगळं दुखणं प्रमाणाचं आहे. ग्रॅमभर खडकातून हवा तो रेणू नॅनोग्रॅमच्या हिशेबात निघतो, आणि बोटाच्या एका ठशातलं तेल मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. खडकाने दोन अब्ज वर्षं जे जपलं, ते माझ्या अंगठ्याखाली एका क्षणात झाकून जातं. म्हणून प्रत्येक भांडं साबणाने धुवायचं, शुद्ध पाण्याने विसळायचं, वाळवायचं, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि 450 अंश सेल्सिअसला आठ तास भाजायचं. फॉइल लाटताना कारखान्यात तेल वापरतात, म्हणून फॉइलही भाजायचं. मोजमापाचा फ्लास्क मात्र भट्टीत घालायचा नाही, त्याचं माप बिघडतं. तो सॉल्व्हंटने, म्हणजे चरबी-तेल विरघळवणाऱ्या द्रावाने, तीनदा विसळायचा. टेफ्लॉनचं झाकण चुकूनही घालायचं नाही, नाहीतर विषारी वायू निघतो आणि मग गाळाऐवजी आपलाच अभ्यास करायची पाळी इतरांवर येते.

लेबलं हा वेगळा छळ. मार्करने बाटलीवर नाव लिहिलं की डायक्लोरोमिथेनचा एक ओघळ ते पुसून टाकतो. हे डीसीएम आमचं लाडकं सॉल्व्हंट, जवळपास काहीही विरघळवतं, शाईही. शिवाय पुसलेली शाई सॅम्पलमध्ये गेली तर शेवटी यंत्राच्या आलेखावर तिचेही पीक, म्हणजे सुळके, येतात. अनुभवी माणसं हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने काचेवरच आकडा कोरतात. नवशिके मार्कर वापरतात आणि संध्याकाळी सात सारख्याच बाटल्यांतल्या सात सारख्याच पिवळट द्रावांकडे बघत बसतात.

खडक हाताशी येईपर्यंत त्याला बरेच हात लागलेले असतात. ड्रिलिंगचं वंगण, करवतीचं तेल, कोर (ड्रिलने काढलेला खडकाचा दंडगोल) ठेवलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवी चटकन उघडावी म्हणून तिच्यात एरुकामाइड नावाचं निसरडं रसायन घालतात, तेही खुशाल खडकावर उतरतं. म्हणून कोरची बाहेरची कड कापून वेगळी काढायची, पण टाकायची नाही. कड आणि गाभा दोन्ही तपासायचे. कडेला हायड्रोकार्बन जास्त आणि आत कमी, तर ते बाहेरून आले. मग गाभ्याची पूड करायची आणि दोन सॅम्पलांच्या मध्ये गिरणीतून भाजलेली क्वार्ट्झची वाळू दळून काढायची. शेवटची वाळू जपून ठेवायची, कारण खडकावर जे जे केलं ते सगळं तिच्यावरही करायचं आहे. तिचं नाव ब्लँक. आमच्या धंद्यात सासू म्हणतात ती हीच. काही बोलत नाही, फक्त सगळं दाखवते.

आता सॉक्सलेट, पुडीतून रेणू विरघळवून काढायचं काचेचं उपकरण. खाली फ्लास्कमध्ये नऊ भाग डीसीएम आणि एक भाग मिथेनॉल, मध्ये थिंबलमध्ये, म्हणजे द्राव झिरपू देणाऱ्या नळकांड्यात, पूड, वर गार पाण्याचा कंडेन्सर. वाफ वर जाते, थेंब थेंब पुडीवर पडते, पातळी सायफनच्या वाकापर्यंत चढली की सगळं भडकन खाली. असं 48 तास. पूड सायफनच्या पातळीच्या वर भरली तर वरचा थर कोरडाच राहतो. थिंबल बुटकं असेल तर पूडच खाली वाहून जाते. फ्लास्कमध्ये उकळीचे दाणे टाकायला विसरलात तर द्राव एकदम उसळतो. हे सगळं नीट केलं तरी रात्री पाण्याचा दाब कमी होतो. डीसीएम 40 अंशांना उकळतं; त्याला निसटायला तेवढी संधी पुरते. सकाळी फ्लास्कच्या तळाशी डांबराचा एक काळा ठिपका उरलेला असतो आणि कुठल्याही मापाने तो दोन अब्ज वर्षांचा वाटत नाही, काल रात्रीचाच वाटतो.

(हातमोज्यांबद्दल एक शब्द. नायट्राइलच्या मोज्यातून डीसीएम दोन-चार मिनिटांत आरपार जातं. त्या मोज्याने संरक्षण होतं ते मुख्यतः खडकाचं, आमच्यापासून.)

काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या खडकात, गंधक असतं. ते काढलं नाही तर क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे यंत्राच्या त्या आलेखात, मध्यावरच उंटाच्या पाठीसारखा उंचवटा येतो आणि शेजारचे पीक गिळतो. उपाय म्हणजे तांब्याचे कीस हायड्रोक्लोरिक आम्लात चकचकीत करायचे, आम्ल नीट धुऊन काढायचं आणि अर्कात टाकायचे. तांबं काळं पडतं, आणखी टाकायचं, तेही काळं पडतं. नवं तांबं रात्रभर लखलखीत राहिलं की थांबायचं. नंतर नायट्रोजनच्या झोताखाली द्राव आटवायचा. झोत इतका हलका की पृष्ठभागावर नुसती खळी पडावी. घाई केली आणि बाटली कोरडी झाली, तर पंधरा-सोळा कार्बनपर्यंतचे हलके रेणू उडून जातात. ही खळी बघण्यात माझ्या कारकिर्दीचा किती भाग गेला, याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही.

सिलिका कॉलमवरून हेक्झेनने हायड्रोकार्बन वेगळे काढले की एक मायक्रोलिटर जीसी-एमएसमध्ये, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात. इथे माणसं नावांनी नाही, त्या वस्तुमानांच्या आकड्यांनी बोलतात. 191 म्हणजे हॉपेन, मुख्यतः जीवाणूंची खूण. 217 म्हणजे स्टेरेन, शैवालांसारख्या केंद्रकवाल्या जीवांची. 149 म्हणजे थॅलेट, प्लास्टिक कुठूनतरी शिरलं. 207 म्हणजे यंत्राचं सेप्टम (सुई घुसते ती रबरी चकती) किंवा आतली कॉलमची नळीच झिजतेय. आणि 69, 81 घेऊन एक टोलेजंग पीक आलं तर तो स्क्वालीन, तुमच्या त्वचेच्या तेलातला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते अक्षरशः हे.

तरी स्क्वालीन प्रामाणिक चोर. त्याच्यात सहा दुहेरी बंध असतात, ते एवढ्या जुन्या खडकात टिकणं शक्य नाही, त्यामुळे तो लगेच पकडला जातो. खरा घात घरचा भेदी करतो. वंगण, डिझेल, डांबर, सगळं खनिज तेलातून येतं, आणि खनिज तेल हीसुद्धा जुन्या गाळातल्या शैवालांची शिजलेली चरबीच. त्यात अस्सल हॉपेन असतात, अस्सल स्टेरेन असतात. गाड्यांच्या धुरातून उडालेले हॉपेन खिडकीतून आत येतात. म्हणजे चुकीचं उत्तर हुबेहूब बरोबर उत्तरासारखंच दिसतं.

यात भलेभले सापडले. 1999 मध्ये आमच्याच शास्त्रातल्या योखेन ब्रॉक्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातल्या 270 कोटी वर्षं जुन्या शेलमध्ये स्टेरेन सापडल्याचं 'सायन्स'मध्ये छापलं. केंद्रकवाल्या जीवांचा जन्म कितीतरी मागे ढकलला गेला. 2008 मध्ये 'नेचर'मधल्या लेखाने दाखवलं की खडकातल्या मूळ कार्बनचे समस्थानिक आणि त्या तेलांचे समस्थानिक जुळत नाहीत. तेलं नंतर शिरली. त्या लेखाच्या लेखकांत ब्रॉक्स स्वतः होते. मला हा माणूस त्या पहिल्या शोधापेक्षा इथे मोठा वाटतो. पुढे 2012 मध्ये फक्त स्वच्छतेसाठी जीव टाकून तिथे नवे कोर काढले, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वाटले, आणि 2015 मध्ये निकाल छापला: हे रेणू ब्लँकमध्ये जेवढे, साधारण तेवढेच खडकात.

त्यामुळे यंत्रावर चालवून झालेल्या सॅम्पलांची यादी उघडली की शहाणा माणूस आधी ब्लँक बघतो. 149 नाही. स्क्वालीन नाही. 191 वर सरळ सपाट रेघ, एकही खडा नाही. खुर्चीतून उठून दोन पावलं नाचावंसं वाटतं, आणि कुणी बघत नसेल तर नाचतातही. मग सॅम्पलची फाइल उघडायची, 191 निवडायचं.

सरळ सपाट रेघ. एकही खडा नाही.