‘जोडप्यांनी सँटोरिनी, मित्रांनी मिकोनोस’ हा सल्ला कृपया पुढे पाठवू नका

ग्रीसला जायचं ठरलं की कुणीतरी तो मेसेज पाठवतंच. मला तो तीन ग्रुपवर आलाय. गेल्या महिन्यात मावसबहिणीने तो वाचून आई-बाबांसकट आखलेली अख्खी सहल बदलली, तेव्हा मात्र राहवेना. मेसेजचा सारांश असा: जोडप्यांनी सँटोरिनी निवडावं, मित्रमंडळींनी मिकोनोस. ज्येष्ठांना घेऊन मिकोनोसच्या वाटेला जाऊ नका, तिथे पार्टीशिवाय पाहायला काहीच नाही. सँटोरिनीला पोहण्याजोगा किनारा नाही, तिथल्या ईया गावाचा सूर्यास्त पाहिला की एक दिवस पुरे. शाकाहारी माणसाचे दोन्हीकडे हाल. आणि दोन्ही बेटं महाग.

मी दोन्हीकडे आईला घेऊन राहिले आहे. शेवटचं वाक्य खरं आहे. बाकीच्यांचं बघू.

सुरुवात ज्येष्ठांपासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. सँटोरिनी म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीचं उरलेलं कडं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास प्रचंड उद्रेक झाला, मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. त्या खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. फोटोत दिसणारी पांढरी घरं त्याच्या काठावर, खाली सरळ समुद्र अशा उंचीवर, एकाखाली एक बसवलेली आहेत. म्हणजे खोलीतून कॅल्डेरा दिसायला हवा असेल, तर रस्त्यापासून पायऱ्या उतरणं बहुधा आलंच. आमच्या हॉटेलच्या जाहिरातीत पायऱ्यांचा शब्द नव्हता. टॅक्सी वर थांबली, एक मुलगा आमच्या दोन्ही बॅगा खांद्यावर टाकून भराभर खाली गेला, आणि आईने पहिल्याच वळणावर भिंत धरली. पायऱ्या ब्याऐंशी, मी मोजल्या. एक वीतभर उंच, पुढची दीड वीत, कठडा मधूनच गायब. दृश्य असं की बोलणं थांबावं. पण नाश्त्याला वर जायचंय म्हटलं की आईचा चेहरा उतरायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, “तुम्ही जाऊन या, मी इथूनच बघते.”

मिकोनोसचं मुख्य गाव, ज्याला तिथे सगळे ‘होरा’ म्हणतात, समुद्राला लागून आहे. मागच्या अंगाला चढ आहे, पण बंदराकडचा भाग बराचसा सपाट. गल्ल्या फरसबंद, फरशांच्या सांध्यांवर चुन्याच्या जाड पांढऱ्या रेघा, आत गाड्या नाहीत. आई तिथे रोज सकाळी एकटी फिरून यायची. पारापोर्तियानीपर्यंत जायची. ते पाच लहान चर्च एकमेकांत मिसळून झालेलं एकच पांढरं, ओबडधोबड बांधकाम आहे, हाताने थापल्यासारखं. तिथल्या कट्ट्यावर बसून ती समुद्र बघायची. ज्या पार्ट्यांची भीती घातली जाते, त्या मुख्यतः पॅराडाइज आणि सुपर पॅराडाइज या किनाऱ्यांवर, गावापासून काही किलोमीटर दूर. जुलै-ऑगस्टमध्ये गावातही रात्री उशिरापर्यंत गजबज असते हे खरं, तेव्हा खोली आतल्या गल्लीत घ्यावी. लहान मुलं असतील तर ओर्नोस किंवा प्लाती यालोस बघा. दक्षिणेकडचे हे किनारे उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोशाला आहेत.

गुडघेदुखीवाल्या माणसाला सँटोरिनीला नेऊच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. कामारी किंवा पेरिसाला राहा. दोन्ही गावं सपाट, समुद्र पायाशी. कॅल्डेरा बघायला बसने किंवा टॅक्सीने वर जायचं, कठड्याशी कॉफी घ्यायची आणि परत यायचं.

‘सँटोरिनीला किनारा नाही’ हा मुद्दा इथेच निकालात निघतो. कामारी, पेरिसा, पेरिवोलोस हे लांबलचक किनारे आहेत, फक्त वाळू आणि खडे ज्वालामुखीचे, काळे. दुपारी तळपाय भाजतात, चप्पल हवी. सोनेरी वाळूच पाहिजे असेल तर मिकोनोस उजवं. पण ‘नाही’ आणि ‘काळा आहे’ यात फरक आहे.

आता मिकोनोसला पाहायला काही नाही म्हणे. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण जुन्या बंदरातून बोटीने अर्ध्या तासावर डेलोस आहे. अपोलो या ग्रीक देवाचं जन्मस्थान मानलेलं हे बेट आहे केवळ साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास, पण प्राचीन ग्रीकांच्या मनात त्याचं स्थान आपल्याकडच्या मोठ्या क्षेत्रासारखं होतं. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी इथल्या सगळ्या कबरी उकरून शेजारच्या रिनिया बेटावर हलवल्या आणि नियम केला: डेलोसवर यापुढे कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बाईला आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला होडीत घालून पलीकडे न्यायचे. पुढे इ.स.पू. १६६ मध्ये रोमने ते जकातमुक्त बंदर केलं आणि तीर्थाची बाजारपेठ झाली, गुलामांच्या खरेदी-विक्रीसाठीही कुप्रसिद्ध. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ १८७३ पासून इथे खोदत आहेत. १९९० पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. आजही पर्यटकाला तिथे रात्री राहता येत नाही, शेवटच्या बोटीने परतावंच लागतं. व्यापाऱ्यांच्या घरांच्या अंगणात अजून मोझेइकच्या फरशा जागच्या जागी आहेत, एकीवर लहान मुलं डॉल्फिनवर स्वार झालेली. सावलीचं झाड जवळपास नाही. टोपी, पाणी आणि सकाळची पहिली बोट, एवढं करा.

आणि डेलोसला जमलं नाही तरी जुन्या बंदराजवळच्या लहानशा पुरातत्त्व संग्रहालयात एक रांजण आहे, तो चुकवू नका. १९६१ साली बेटावर विहीर खणताना सापडला. इ.स.पू. सातव्या शतकातला, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा उंच, मातीचा. त्याच्या गळ्यावर ट्रोजन घोडा, म्हणजे ग्रीक सैनिकांनी ट्रॉय शहर जिंकायला ज्यात लपून प्रवेश केला तो गोष्टीतला लाकडी घोडा, उठावात कोरलाय. घोड्याच्या पायांना चाकं आहेत आणि पोटाला चौकोनी खिडक्या, प्रत्येक खिडकीत एका सैनिकाचं डोकं. ट्रोजन घोड्याच्या आज माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या चित्रणांपैकी हे एक. खाली रांजणाच्या पोटावर चौकटी आहेत, त्यांत तलवारी उपसलेले सैनिक आणि मुलांना वाचवू पाहणाऱ्या आया. युद्ध जिंकणाऱ्यांच्या गोष्टीत आयांना एवढी जागा देणारा तो कुंभार कोण असेल, याचा विचार मी अजून करते.

‘सँटोरिनीला एक दिवस पुरे’ हे क्रूझच्या वेळापत्रकातून आलेलं गणित आहे. क्रूझची जहाजं कॅल्डेरात नांगर टाकतात, लोकांना लहान बोटींनी फिरा या मुख्य गावाच्या जुन्या बंदरात उतरवतात. तिथून वर यायला केबल कार, सुमारे ५८८ पायऱ्या किंवा गाढवं. केबल कारच्या रांगेतच दिवसाचा मोठा हिस्सा जातो. गर्दी इतकी झाली की २०२५ पासून क्रूझ प्रवाशांची संख्या दिवसाला ८,००० पर्यंत रोखायचं ठरलं. एक विनंती मनापासून: गाढवावर बसू नका. उन्हात दिवसभर त्याच पायऱ्या चढणारं जनावर जवळून बघितलं की इच्छाच मरते.

दोन रात्री तरी राहिलात तर अक्रोतिरी नीट बघता येतं. उद्रेकाच्या राखेखाली गाडलेलं हे गाव १९६७ पासून पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी उजेडात आणलं. दोन-तीन मजली घरं, गटारांची व्यवस्था, रांगेने ठेवलेले रांजण. ज्वालामुखीने गाडलेल्या इटलीतल्या पाँपेईसारखे मृतदेह इथे सापडले नाहीत, कारण माणसं आधीच निघून गेली होती. सगळं मोठ्या छताखाली आहे, त्यामुळे आई इथे दीड तास आरामात फिरली. नंतर फिरातलं प्रागैतिहासिक संग्रहालय बघा. तिथे अक्रोतिरीच्या भिंतीवरची निळी माकडं आहेत, खडकांवर उड्या मारणारी. अलीकडे काही संशोधकांनी त्यांच्या उंच धरलेल्या, वळवलेल्या शेपट्यांवरून मांडलंय की ही आपल्याकडची वानरं, हनुमान लंगूर, असावीत. तर्क पक्का ठरेल न ठरेल, पण एजियन समुद्रातल्या बेटावरच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिंतीसमोर उभं राहून आई म्हणाली, “अगं, ही तर आपली!”

सूर्यास्ताबद्दल एवढंच, की सूर्य फक्त ईयाला मावळत नाही. तिथल्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर खांद्याला खांदा लावून उभं राहण्यापेक्षा पिर्गोस गावात वर जा किंवा अक्रोतिरीच्या दीपगृहापाशी.

शाकाहाराचा मुद्दा सगळ्यात चुकीचा. सँटोरिनीचा ‘फावा’ मागवा. पिवळी डाळ मऊ शिजवून, घोटून, वरून ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. ही डाळ विदर्भातल्या लाखोळीच्या जातकुळीतली आहे. तूप नाही म्हणून काय झालं, घट्ट वरणच ते. बेटाच्या कोरड्या राखमातीत पिकणाऱ्या इवल्या टोमॅटोंची भजी मिळतात, तोमातोकेफ्तेदेस. दोन्ही बेटांवर यमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, आणि ब्रियाम ही भाज्यांची भट्टीत शिजवलेली मिसळ भाजी मिळते. यमिस्तात कधी खिमाही असतो, तेवढं विचारा. एक शब्द पाठ करा: ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपवासाचं. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षातले कितीतरी दिवस मांस-अंडी-दूध वर्ज्य करतात, त्यामुळे प्रत्येक खानावळीला ही कल्पना ओळखीची असते. मात्र त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूल चालतं, म्हणून ‘मासळीही नको’ हे वेगळं सांगावं लागतं.

मेसेजमध्ये जे मुळीच नाही आणि आपल्याला सगळ्यात लागतं, ते म्हणजे महिना. दिवाळी नोव्हेंबरात आली तर दोन्ही बेटांवरची बहुतेक हॉटेलं बंद झालेली असतात. मेच्या सुट्टीत हिंडायला हवा छान, पण पाणी थंड, पोरं गुडघाभर जाऊन परत येतात. जुलै-ऑगस्टात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो, डेलोसच्या बोटी कधीकधी रद्द होतात. शाळेची अडचण नसेल तर गणपती विसर्जन झालं की निघा. सप्टेंबरअखेर समुद्र उबदार असतो आणि गर्दी ओसरू लागलेली असते.

राहिलं ते महागाईचं खरं वाक्य. मावसबहिणीला मी सुचवलंय की मिकोनोसला दोन रात्री, सँटोरिनीला दोन रात्री कामारीत, आणि मधे तीन रात्री नाक्सोस बेटावर. दोन्ही बेटांमधल्या कित्येक फेरीबोटी तिथे थांबतात, राहणं-खाणं बरंच स्वस्त, किनारे मैलभर वाळूचे. डेलोसचे प्रसिद्ध सिंह नाक्सोसच्याच संगमरवरातले. बोट बंदरात शिरताना डाव्या-उजव्या बाजूला बघत राहा, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची नुसती संगमरवरी चौकट एका टेकाडावर उभी दिसेल. संध्याकाळी तिथे चालत जाता येतं, तिकीट नाही.