सूज शून्यावर आणि प्रतिकारशक्ती शंभरावर?

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘सूज हेच प्रत्येक आजाराचं मूळ. एनएलआरपी३ नावाचं प्रथिन ती पेटवतं. हळद-मिरीचा काढा ते कायमचं बंद करतो आणि प्रतिकारशक्तीही वाढवतो.’

शेवटच्या वाक्याचा दुसरा भाग पहिल्या भागाचाच गळा धरतो, हे पाठवणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

एनएलआरपी३ हा पांढऱ्या पेशींमधला राखणदार. जंतूचं विष किंवा फुटलेल्या पेशीचा कचरा दिसला की तो इतर प्रथिनांना गोळा करून इन्फ्लमासोम नावाची जुळणी उभी करतो. त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हा सूज पेटवणारा रासायनिक निरोप सुटतो आणि आपल्याला ताप चढतो. म्हणजे लाली, ठणका, ताप ही प्रतिकारशक्तीच कामाला लागलेली असते. एक बंद करून दुसरी वाढवणार कशी?

‘प्रत्येक आजाराचं मूळ’? थॅलेसेमिया हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या दोषाने होतो, तिथे हा राखणदार मूळ नव्हे. गाऊट या सांध्यांच्या आजारात मात्र तो खरोखर आरोपी आहे. मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद होतो, चादर टेकली तरी माणूस कळवळतो. युरिक आम्लाचे स्फटिक एनएलआरपी३ला चेतवतात, हे 2006 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञ युर्ग चॉप यांच्या गटाने दाखवलं.

‘वाढवा’ म्हणणाऱ्यांसाठी: या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असल्याने ते गरजेपेक्षा जास्त चेतणारी काही घराणी आहेत. गार वारा लागला की काही तासांत अंगावर गांधी उठतात, ताप येतो, सांधे धरतात. त्यांना आणखी काय वाढवून देणार?

आणि ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांसाठी: 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँटोस चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले 10,061 रुग्ण होते. कॅनाकिनुमॅब या औषधाने इंटरल्युकिन-१ बीटा अडवलं. 150 मिलिग्रॅमच्या डोसला झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले. पण औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले आणि एकूण मृत्यूंत ठोस फरक पडला नाही.

राहिली हळद. तिच्यातलं कर्क्युमिन नावाचं द्रव्य एनएलआरपी३ला दाबतं ते प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत. हळदीत ते जेमतेम 3 टक्के, त्यातलंही आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. मिरी शोषण वाढवते, हे खरं. पण अशा हळद-मिरीच्या कॅप्सुलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. आमटीतल्या चिमटीबद्दल माझी तक्रार नाही.

झाडपाल्यातलंच औषध हवं, तर कोल्चिसिन आहे. गाऊटवर चालणारं हे द्रव्य आपल्याकडे पावसात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीतही असतं. पण तिचा कंद जिवावर बेततो, म्हणून डॉक्टर ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत मोजून देतात.