लाल कातडी म्हणजे रक्ताभिसरण नव्हे

गेल्या रविवारी नागपूरच्या महाल भागात आईकडे गेले, तर गोलू दारात आला नाही. गोलू म्हणजे आमचा पांढरा स्पिट्झ, आठ वर्षांचा. फाटकाची कडी वाजली की भुंकत अंगणभर धावणारा. त्या दिवशी तो कूलरसमोरच्या फरशीवर कुशीवर पडून मागची मांडी चाटत होता. मी केस बाजूला करून बघितलं. मांडीच्या आतल्या बाजूला, पार पोटापर्यंत कातडी लालभडक झालेली, आणि तिच्यावर एकाशेजारी एक बारीक ओरखडे, किसणी फिरवल्यासारखे. दोन ठिकाणी पाणी सुटून केस चिकटले होते.

"आई, हे काय झालं?"

"काही नाही वं, ब्रश केला. लाल झालं पाहिजे, असं लिहून आहे त्यात. रोज अर्धा तास करून राहिली मी."

'त्यात' म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजमध्ये. माझ्या आतेभावानं तो घरच्या ग्रुपवर टाकला होता, त्याला कॉलनीच्या ग्रुपवरून आला होता, आणि त्यानंतर तो मला आणखी तिघांनी पाठवला. 'केसाळ कुत्र्याचा उन्हाळा : अमेरिकन डॉक्टरांचे ७ नियम.' नियम थोडक्यात असे : मार्च लागताच झिरो मशीन मारा. ब्रश कोणताही चालतो, तारा जितक्या कडक तितका चांगला. बैलाला खरारा करतात तसं दाबून घासा, कातडी लाल झाली म्हणजे रक्ताभिसरण वाढलं. जितका केस निघेल तितकी गर्मी कमी. गुंते झाले तर आंघोळीत ओले करून ओढा. खोबरेल तेल चोपडा. दिवसाआड शाम्पू लावा.

कोणते अमेरिकन डॉक्टर, त्याचा पत्ता नाही. दादा, तुझ्यावर राग नाही, तू चांगल्या मनानं पाठवलास. पण २०२४ च्या मे अखेरीस आपल्या रामदासपेठेत ५६ अंश तापमान झालं म्हणून देशभर बातमी फिरली, तेव्हा हवामान खात्यानं सेन्सर तपासला आणि तो बिघडलेला निघाला. ५६ च्या आकड्यावर आपण शंका घेतली होती. हा मेसेजही तसाच तपासायला हवा होता.

मी क्रमानं जाणार नाही. आधी खराऱ्याचा मुद्दा, कारण त्यानंच जखम केली.

माणसाला हातानं मालिश केली की कातडी गुलाबी होते, हे खरं. पण आईच्या हातातला स्लिकर ब्रश म्हणजे हाताचा तळवा नव्हे. चौकोनी गादीवर दाटीनं बसवलेल्या बारीक तारा, प्रत्येकीचं टोक वाकवलेलं. ते वाकडं टोक मोकळा झालेला केस उचलून आणण्यासाठी असतं. ब्रश केसांतून फिरायला हवा, कातडीवरून नाही. कातडीवर टेकवून दाबला की तीच टोकं कातडी खरवडतात. ग्रूमिंग करणाऱ्यांच्या बोलीत याला ब्रश बर्न म्हणतात. केसांनी झाकलेली असल्यामुळे कुत्र्याची बाह्यत्वचा आपल्यापेक्षा बरीच पातळ असते, मोजक्या पेशींच्या थरांची. तिच्यावर आलेली लाली म्हणजे सूज, म्हणजे दुखापत. मग कुत्रा ती जागा चाटतो, जागा ओली राहते, ओलीत जिवाणू वाढतात, आणि सकाळी रुपयाएवढी दिसणारी जागा संध्याकाळपर्यंत तळहाताएवढी होऊ शकते. पशुवैद्य त्याला हॉट स्पॉट म्हणतात. गोलूच्या मांडीवर त्याचीच सुरुवात होती.

मी तोच ब्रश घेतला आणि आईच्या हातावर, कोपराच्या आतल्या मऊ बाजूला, तिनं दाखवलेल्या जोरानंच फिरवला. तिसऱ्या वेळी तिनं हात ओढून घेतला. गोलूकडे बघितलं आणि काही बोलली नाही.

आईला दोष देणार नाही. तिचं माहेर काटोलकडचं. पोळ्याच्या आधी बैल धुवायचे, त्यांना खरारा करायचा, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. खरारा शब्द वाचला आणि तिला पटलं. पण बैलाचा केस आखूड, अंगाला चिकटून बसलेला, आणि खाली त्याचं जाड चामडं. बैलाला खरारा सुखाचा वाटतो. स्पिट्झच्या मांडीवर तोच हात पडला की कातडी सोलते. त्यात मांडीची आतली बाजू, काखा, पोट इथे केसही विरळ, तिथे स्लिकर अगदी हलकाच लावायचा असतो.

आता 'ब्रश कोणताही चालतो'. हे मेसेजमधलं सगळ्यात आळशी वाक्य आहे, आणि दुकानदारालाही ते सोयीचं. आईला जो ब्रश विकला गेला, त्याच्या तारा इतक्या ताठ की अंगठ्यानं दाबल्या तरी वाकत नव्हत्या. कुत्रा कोणता, केस कसा, हे तिला कोणी विचारलंही नाही.

दाट केसाच्या कुत्र्याला बहुतेक वेळा दोन थर असतात. वरचे लांब, राठ केस आणि खाली लोकरीसारखा मऊ, दाट केस. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, स्पिट्झ सगळ्यांचं असंच. (नागपुरात ज्याला आपण सर्रास पॉमेरियन म्हणतो तो बहुतेक घरांत इंडियन स्पिट्झच असतो.) लॅब्रेडॉरही दोन थरांचाच, फक्त आखूड, म्हणून लोकांना ते कळत नाही. ब्रश घ्यायचा तो या थरांकडे बघून. लॅब्रेडॉरला रबरी दात्यांचा ब्रश पुरतो. शेफर्ड-हस्कीची लोकर सुटायला लागली की लांब, विरळ दात्यांचा अंडरकोट रेक लागतो, दाते टोकाला गोल असलेला. स्पिट्झच्या फुललेल्या केसाला रोजच्यासाठी लांब पिनांचा पिन ब्रश, आठवड्यातून एक-दोनदा मऊ तारांचा स्लिकर, आणि शेवटी स्टीलचा कंगवा. पिनेची लांबी महत्त्वाची. केसाच्या मुळापर्यंत पिन पोचत नसेल तर वरून कुत्रा गुळगुळीत दिसतो आणि आत गुंता वाढत राहतो.

पिन ब्रश घेताना पिनांच्या टोकावरचे मणी बोटानं चाचपून बघा. स्वस्तातल्या ब्रशचे मणी महिनाभरात गळतात आणि उरलेलं उघडं टोक ओरखडे काढतं. स्लिकर घ्यायचा तर गादी दाबून बघा, तारांनी मागे सरायला हवं. आणि मग आपल्या हातावर फिरवा, जसा मी आईच्या हातावर फिरवला. हे दुकानातच करा, घरी आणून नाही.

ब्रश कसा फिरवायचा हेही मेसेजमध्ये कुठेच नाही. एका हातानं केसांचा पट्टा वर धरायचा, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. मग खालचे केस थोडे थोडे सोडत मुळापासून टोकाकडे हलका ब्रश मारायचा. मग पुढची रेघ. गोलूसारख्या कुत्र्याला नीट करायला वेळ लागतो, पण एका जागी चार-पाच फेऱ्यांपेक्षा जास्त थांबायचं नाही. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला की काम झालं. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या मांडीच्या झालरीत कंगवा हमखास अडकतो. गोचीडही त्याच कंगव्याला सापडतात, आणि आपल्याकडे गोचीड-ताप किती कुत्र्यांना होतो हे कोणत्याही पशुवैद्याला विचारा.

'जितका केस निघेल तितकी गर्मी कमी' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. सुटलेली लोकर आत दाबून बसली तर हवा खेळत नाही आणि कुत्र्याला त्रास होतो. ती काढायलाच हवी. पण जमिनीवर पडलेल्या ढिगावरून ब्रशचं यश मोजू नका. डीशेडर, म्हणजे सुटलेली लोकर काढायचा पातीवाला ब्रश, ढीग मोठा काढतो, कारण त्याच्या पात्याचे दाते वरचा चांगला केसही तोडतात. शेफर्डला केस गळायच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, थोडा वेळ, ठीक. स्पिट्झला रोज अर्धा तास फिरवलात तर पाठीवरचा केस तुटून विरळ होईल.

आता झिरो मशीन. आईनं पुढच्या रविवारची वेळ घेऊन ठेवली होती. मी ती तिथेच फोन करून रद्द केली.

लोकांना वाटतं, केस म्हणजे स्वेटर, काढलं की गार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवाटे अंग थंड करतो. घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, आणि तेवढ्यानं काही भागत नाही. त्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास. आपल्या नागपुरात मे महिन्यात हवा ४५ अंशांपर्यंत जाते, २३ मे २०१३ ला तर ४७.९ नोंदली गेली. म्हणजे भर दुपारी बाहेरची हवा कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम. अशा वेळी उघडी कातडी उष्णता आत घेते. वर्धा रोडवर दुपारी स्कूटी चालवणारी मुलगी तोंडाला स्कार्फ, हातात लांब मोजे घालते. शेतातला माणूस डोक्याला दुपट्टा बांधतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उघड्या डोक्यानं, उघड्या पाठीनं कोणी फिरत नाही. कुत्र्याचा विंचरलेला, मोकळा केस त्याचा दुपट्टा आहे, तो उतरवून त्याला गच्चीवर सोडू नका.

आणि मेसेज अमेरिकेचं नाव घेतोच आहे, तर अमेरिकेचंच सांगते. एएसपीसीए ही तिथली प्राण्यांसाठी काम करणारी जुनी संस्था, १८६६ पासूनची. उन्हाळ्यातल्या काळजीबद्दल ती पाळणाऱ्यांना सरळ सांगते : लांब केस थोडे छाटायला हरकत नाही, पण कुत्र्याचं मुंडण कधी करू नका, कारण केसांचे थर त्याला उष्णतेपासून आणि उन्हानं भाजण्यापासून वाचवतात. मेसेजच्या पहिल्या नियमाच्या बरोबर उलट.

दुसरं म्हणजे काढलेला केस तसाच परत येईल याची खात्री नाही. स्पिट्झ, पॉमेरियन, हस्की या जातींत मशीन मारल्यावर केस महिनोन्‌महिने न उगवणं हा ओळखीचा विकार आहे, त्याला पोस्ट क्लिपिंग अलोपेशिया म्हणतात. सहसा ६ महिने ते २ वर्षांत केस येतो. आमच्याच गल्लीतल्या एका पॉमेरियनला मागच्या उन्हाळ्यात झिरो मारलं होतं. यंदाचा उन्हाळा आला, त्याच्या कमरेवर अजून चट्टे आहेत, आणि आधी पांढराशुभ्र असलेला केस कुठे कुठे कापसासारखा पिंजलेला उगवला आहे. त्या घरच्या काकू त्याला उन्हात नेत नाहीत आता.

एवढं मात्र कबूल करते : ल्हासा, शीत्झू, पूडल यांचा केस सतत वाढणारा, त्यांचे केस उन्हाळ्यात आखूड करायला अडचण नाही, तेही पार कातडीपर्यंत नाही. आणि गुंत्यांचा नमदा होऊन कातडी ओढली जात असेल किंवा जखम असेल, तर मशीन लागतंच. गोलूच्याही जखमेभोवतीचा केस डॉक्टरांनी काढला. पण ते डॉक्टरांनी, बघून, तेवढ्याच जागेपुरतं.

गुंते ओले करून ओढायचा सल्ला साफ उलटा आहे. पाणी लागलं की गुंता आवळतो आणि वाळताना आणखी घट्ट होतो. आधी विंचरायचं, मग आंघोळ. गुंत्याचं मूळ दोन बोटांत घट्ट धरायचं म्हणजे कातडी ओढली जात नाही, थोडं कॉर्नफ्लोर चोळायचं, आणि टोकाकडून कंगव्याच्या कोपऱ्यानं सोडवत जायचं. कात्री मुळीच नको. गुंत्याबरोबर कातडीही वर उचललेली असते आणि ती कात्रीत येते.

तेलाचं काय सांगू. खोबरेल तेलात धूळ बसते, लोकर चिकटते, कुत्रा ते चाटतो. दिवसाआड शाम्पूनं कातडी कोरडी पडून खाज सुटते, त्यातून माणसाचा शाम्पू असेल तर जास्तच. अंघोळ घाला, पण केस मुळापर्यंत वाळवा. पावसाळ्यात आपले कूलर बंद झाल्यावर आतली लोकर ओली राहिली की पुन्हा तोच हॉट स्पॉट.

दादा, तो मेसेज तू ग्रुपवरून काढलास, बरं केलंस. कॉलनीच्या ग्रुपवरही हे टाक. तिथे निदान चार घरी केसाळ कुत्री आहेत.

गोलूच्या गळ्यात आठवडाभर प्लास्टिकची कॉलर आहे, औषध सकाळ-संध्याकाळ. जागा सुकत आली आहे. पण आईच्या हातात काहीही दिसलं की तो अजून दिवाणाखाली जातो. काल रात्री तिचा फोन आला. रिकाम्या हातानं अंगणात बसली तेव्हा आला म्हणे, मांडीला टेकून बसला. कंगवा तिनं पदराखाली ठेवला होता. पाठीवरून चारदा फिरवला, पाचव्यांदा तो उठायला लागला, तर तिनं ठेवून दिला.