संसार मोडलेल्यांचे हितचिंतक कसे व्हावे

ओळखीत कुणाचा घटस्फोट झाल्याचं कानावर आलं की हातातलं काम टाका आणि फोन लावा. उशीर केलात तर दुसरं कुणीतरी आधी हळहळून मोकळं होईल. पहिला प्रश्न 'नक्की झालं काय?' हाच. 'झोप लागते का', 'पैशांचं कसं जमवतेस' वगैरे नंतर, वेळ उरलाच तर. 'तुला सांगायचं नसेल तर राहू दे हं' असं मोठ्या मनानं म्हणायचं आणि सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

'आमचं पटलं नाही' हे उत्तर चालवून घेऊ नका. दारू, मारहाण किंवा बाहेरचं प्रकरण, काहीतरी निघायलाच हवं. कॅलिफोर्नियात १९७० पासून घटस्फोटासाठी कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. इंग्लंडच्या कायद्यालाही २०२२ मध्ये ते पटलं. पण कायद्याला काय, त्याला संध्याकाळच्या गप्पांना विषय लागत नाही.

दोन्हीकडे जाणं-येणं ठेवा. इकडचं तिकडे पोचवायला कुणीतरी नको का?

तिसऱ्या महिन्यात 'झालं गेलं विसर आता' असं सांगा. चौथ्या महिन्यात ती कुठे हसताना दिसली तर 'बरं बाई जमतं हिला' म्हणा. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या उलथापालथींना ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १००, त्याखालोखाल घटस्फोटाला ७३. फरक फक्त २७ गुणांचा. पण १०० वाल्यांच्या दारी माणसं सांत्वनाला जातात आणि ७३ वाल्यांच्या दारी चौकशीला.

दुसरं लग्न केलं तर 'घाईच केली', नाही केलं तर 'अशी किती दिवस राहणार?'

आता मुलं. मुलांकडे विशेष लक्ष द्या, कारण मोठी माणसं बोलत नाहीत ते मुलं बोलून जातात. आई नसताना गाठा. आई असेल तर आणखी उत्तम, तिचाही चेहरा बघायला मिळतो. गेल्या रविवारी एका घरगुती समारंभात एका बाईंनी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला जवळ ओढलं, गालगुच्चा घेतला आणि भरल्या घरात विचारलं, "काय गं, जुने बाबा जास्त आवडतात की नवे?" आणि हसल्या. आजूबाजूचे चार जणही हसले. माझा नवरा तेव्हा तिच्यासाठीच खुर्ची घेऊन येत होता. तो खुर्ची धरून उभाच राहिला. मुलगी त्याला बाबा म्हणत नाही, नावानं हाक मारते. हे तिचं तिनं ठरवलं आणि आम्ही कुणी त्यात तोंड घातलं नाही, कारण अशी नाती रुजायला वर्षं लागतात, हुकमानं रुजत नाहीत. तिचे वडील रोज रात्री फोन करतात. ती आमच्यासमोर, स्पीकर लावून, लोळत बोलायची. त्या रात्री फोन वाजला तशी ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. नंतर मला हळूच विचारलं, "मी बाबांशी बोलले तर याला वाईट वाटतं का?"

एवढी कमाई एका विनोदाची! इतकी वर्षं आम्ही तिघं मोठी माणसं आपापले अहंकार गिळून, सुट्ट्यांचे वार वाटून घेऊन, एकमेकांबद्दल तिच्यासमोर वावगं न बोलता जी घडी बसवत होतो, ती यांनी एका गालगुच्च्यात विस्कटली. आणि वर हेच लोक सुस्कारे सोडतात, 'मुलांचे हाल होतात हो!' मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा कुटुंबांचा काही दशकं अभ्यास केला. गंभीर अडचणी त्यांना घटस्फोटित घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांत दिसल्या, इतर घरांत १० टक्के. फरक आहे, नाही कुठे म्हणतेय मी? पण चारातली तीन मुलं धड वाढतात. मुलांना सगळ्यात जास्त नडतं ते आईवडिलांचं न संपणारं भांडण, आणि ते संपू नये म्हणून काड्या कोण घालतं? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं नववं कलम सांगतं की वेगळ्या झालेल्या दोन्ही पालकांशी नियमित संबंध ठेवणं हा मुलाचा हक्क आहे. त्यातलं जास्त आवडतं कोण, हे पाहुण्यांना सांगायचं बंधन त्यात कुठेही नाही.

पुरे झाला उपरोध. सरळ सांगते. मुलाला कुणाचीही निवड करायला लावू नका, गमतीतही नाही. आईजवळ बापाबद्दल आणि बापाजवळ आईबद्दल त्याला खोदून विचारू नका. मदतच करायची असेल तर 'आज शाळेतून मी आणू का तिला?' एवढं विचारा. ते होत नसेल तर तोंड बंद ठेवा. त्याला काही कष्ट पडत नाहीत.

आणि बाई, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. माझ्या मुलीच्या गालाला पुन्हा हात लावायचा नाही.