छापील मर्यादेच्या पलीकडचे काडतूस

अमेरिकेतील मोंटाना राज्यात राहायला येऊन मला अकरा वर्षे झाली. त्याआधीची नऊ वर्षे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये गेली. गेल्या दिवाळीत घरी गेलो असताना पिंपळगाव बसवंतच्या मावसभावाशी सलग दोन रात्री वाद झाला. त्याची द्राक्षबाग आहे आणि त्याच्याकडे परवान्याची रायफल आहे. तो म्हणाला, "दादा, तुमच्याकडे माणूस घरात बसून काडतुसे भरतो आणि आम्हाला विकत घेतलेल्या काडतुसांचाही हिशेब ठेवावा लागतो." मावशीचे मत याच्या अगदी उलट होते: घरात बारूद नकोच. दोघांच्याही बोलण्यात मोकळीक आणि बंदी एवढाच विषय होता. काडतूस भरणाऱ्याचे डोळे आणि हात शाबूत कशामुळे राहतात, हे कोणी विचारलेच नाही.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. इथे विक्रीसाठी बनवायचा असेल तर लागतो, स्वतःपुरता भरायला लागत नाही. मात्र या मोकळिकीमागे मोजमापांचा मोठा आधार आहे, जो मावसभावाला दिसत नव्हता. अमेरिकेतील शस्त्र व दारूगोळा उत्पादकांची 'सामी' ही संस्था १९२६ पासून प्रत्येक प्रमाणित काडतुसाची मापे आणि कमाल दाब ठरवते. ३०-०६ या काडतुसासाठी तो प्रति चौरस इंच ६०,००० पौंड आहे. बारूद बनवणाऱ्या कंपन्या खास चाचणीच्या नळ्यांमध्ये दाब मोजून कोणत्या गोळीमागे किती ग्रेन (वजनाचे छोटे माप) बारूद चालेल याची कोष्टके छापतात. घरी काडतूस भरणारा माणूस एकटा दिसतो, पण त्याच्यासमोर दुसऱ्यांनी मोजलेले आकडे उघडे असतात.

वाइल्डकॅट काडतूस हा आधार बऱ्याच अंशी सोडून देते. जुन्या प्रमाणित पुंगळीचा, म्हणजे बारूद भरायच्या धातूच्या नळकांड्याचा, आकार बदलून केलेले आणि कोणत्याही संस्थेने प्रमाणित न केलेले, असे हे काडतूस असते. माझी रायफल ३०-०६ अ‍ॅकली इम्प्रूव्ह्ड या प्रकारची आहे. मूळ पुंगळीच्या खांद्याचा, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते त्या भागाचा, उतार साडेसतरा अंशांचा, तर हिचा चाळीस अंशांचा असतो. अंगही अधिक सरळ असल्यामुळे तिच्यात बारूद थोडे जास्त मावते. कारखान्यातले साधे काडतूस या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याच्या खोबणीत, उडवले की पुंगळी फुगून नवा आकार घेते. मात्र चेंबरने ते काडतूस मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे घट्ट धरले पाहिजे. तिथे फट राहिली, तर पुंगळी बुडाजवळ ताणून पातळ होते आणि फाटू शकते. टूलरूममध्ये मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला ही फट किती महाग पडू शकते हे वेगळे सांगावे लागत नाही.

मी सुरुवात मूळ ३०-०६ च्या छापील कोष्टकातील, त्याच बारुदाच्या आणि त्याच वजनाच्या गोळीच्या, सर्वांत कमी भरणापासून केली आणि अर्ध्या ग्रेनने वर गेलो. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणून तराजू दर वेळी प्रमाण वजनाने तपासतो. टेबलावर एका वेळी एकच बारूद ठेवतो, कारण एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ यांचा आकडा एक असला तरी ती वेगवेगळ्या गतीने जळणारी दोन बारुदे आहेत. कोष्टकातील किमान भरणाच्याही खाली मनानेच जाऊ नये. मंद जळणारे बारूद फार कमी भरले तरीही धोका असतो.

बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) जड उघडणे, प्रायमर (पुंगळीच्या बुडातील ठिणगी देणारी टोपी) सपाट होणे, पुंगळीच्या बुडावर चकचकीत खूण उमटणे, ही जास्त दाबाची लक्षणे सर्वांना पाठ असतात. माझी तक्रार त्यांच्यावरील विश्वासाबद्दल आहे, कारण ती बहुधा मर्यादा ओलांडल्यानंतरच दिसतात. घरी दाब सहजासहजी मोजता येत नाही, पण गोळीचा वेग मोजता येतो. पुंगळीच्या आकाराच्या मानाने वेग अपेक्षेपेक्षा जास्त आला, तर तो जास्त दाबातूनच आलेला असतो, आणि तिथेच थांबायचे असते. मी एकदा फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत एक भरण ठरवले आणि तीच काडतुसे जुलैच्या उन्हात, गाडीत तापलेली, वापरली. उष्णतेने दाब वाढला आणि तिसऱ्या फैरीला बोल्ट तळहाताने ठोकून उघडावा लागला. उरलेली सतरा काडतुसे त्याच संध्याकाळी उघडून रिकामी केली. पुंगळ्या दुसऱ्या कंपनीच्या आणि जाड भिंतीच्या असल्या तरी दाब असाच वाढतो, कारण आतली जागा कमी होते. म्हणून एक जरी घटक बदलला तरी मी पुन्हा तळापासून सुरुवात करतो.

मावसभावाला मी त्याच्याच बागेची आठवण दिली. मणी वाढवण्यासाठी देतात त्या जीए या संजीवकाचा नवा डोस तो आधी एका ओळीतील मोजक्या घडांवर पाहतो, तारीख आणि पीपीएम (द्रावणाचे प्रमाण) वहीत लिहितो, मगच बाकीच्या बागेला देतो. तिथे चुकले तर घड जातात. इथे तोंडापासून एका वितीवर ६०,००० पौंडांचा दाब असतो.

म्हणून आपल्याकडे घरोघरी मुभा द्यावी या मताचा मी नाही, आणि मावशीची सरसकट बंदीही मला पटत नाही. मोठ्या बोअरच्या (जाड नळीच्या रायफलींच्या) स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी नेमबाजी केंद्रावर, परवान्याखाली, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीत भरण्याची सोय असावी, आणि आपल्या पुंगळ्या-बारुदांची दाब मोजून तयार केलेली कोष्टके त्याआधी छापली जावीत. वाइल्डकॅटचा विषय त्यानंतरचा. मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे आमची पाळी येईपर्यंत माझा मुलगा बाग बघायला लागेल." मी हो म्हणालो.