खुलासा: मंचावर नोटा उडवणारे एटीएम

‘ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत एकाने दुरूनच एटीएम रिकामे केले, म्हणजे कुठलेही एटीएम असे लुटता येते’ असा मजकूर जुन्या व्हिडिओसह फिरतो आहे. व्हिडिओ खरा, निष्कर्ष चुकीचा.

२०१० साली लास व्हेगासमधल्या या परिषदेत सुरक्षा संशोधक बार्नबी जॅक यांनी मंचावर दोन यंत्रे आणली होती. दोन्ही दुकानांत ठेवतात तशी सुटी, विंडोज सीई या छोट्या उपकरणांसाठीच्या प्रणालीवर चालणारी. पहिल्याचे वरचे झाकण किल्लीने उघडून यूएसबी ड्राइव्ह लावावा लागला. ती किल्ली त्या मॉडेलच्या बऱ्याच यंत्रांना चालत असे (खरी लाज वाटावी ती याची), शिवाय यंत्र उत्पादकाची डिजिटल सही न तपासताच नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर, स्वीकारत असे. तिजोरीला हातही लागला नाही. नोटा सोडण्याचा हुकूम वरच्या खणातला संगणकच देतो.

दुसऱ्यावर दुरून ताबा मिळाला, पण तो देखभालीसाठीच्या रिमोट सोयीत पासवर्ड तपासणी चुकवता येत होती म्हणून. सोय बंद, तर वाट बंद.

उत्पादकांना आधीच कळवले होते. दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून २००९चे सादरीकरण मागे घेतले गेले. धोका काल्पनिक मात्र नाही: २०१३मध्ये मेक्सिकोत ‘प्लूटस’ या घातक सॉफ्टवेअरने खरोखर नोटा काढल्या. तिथेही चोरांना आधी यंत्र हाताने उघडावे लागले होते.